ताशी तीस

तासाला तीस मिलिलिटर. त्याहून कमी भरलं
तर डॉक्टरांना उठवायचं, मग ते कुठेही झोपलेले असोत,
लिफ्टमध्ये, रिकाम्या स्ट्रेचरवर, भिंतीला टेकून उभ्याउभ्या.
त्या आठवड्यात मला एवढा एकच नियम पाठ होता.

केरमानच्या इस्पितळात बमहून आलेली माणसं
अजून मातीचीच होती.
कच्च्या विटांचं गाव. भिंती तुटल्या नाहीत,
भुगा झाल्या, आणि भुग्यात हवा राहत नाही.
पापण्यांत माती, दातांत माती.
मी मात्र खाटेखाली वाकून
एकेकाची प्लास्टिकची पिशवी उजेडात धरत होते.

दहा नंबरचा सियावश, वय सोळा.
मांडीवर लोखंडी तुळई, नऊ तास.
बाहेर काढला तेव्हा हसला म्हणे,
खजूर मागितला. पाय तर शाबूत होता.
संध्याकाळी त्याच्या पिशवीत उतरला
कोरा, काळा चहा.
चेपलेलं मांस रक्तात विरघळतं,
आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं तुंबतात,
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
पुस्तकात रंग नव्हता.
अकराला बारा. मध्यरात्री पाच.
एकला मी पिशवी हलवून पाहिली,
नळी चाचपली, कुठे दुमडली तर नाही ना.
यंत्रं चार होती. रांगेत एकवीस.
सकाळी सातला त्याचं नाव पुकारलं.
मी ओ दिली.
कुणीतरी द्यायला हवी होती.

तेव्हापासून चहा सुटला माझा.
घरी काचेच्या पेल्यात कुणी ओतू लागलं
की मी खिडकीशी जाते.

चौदा नंबरला खोदाकरम, बरावातचा मुकन्नी,
जमिनीच्या पोटातून पाण्याचे पाट खणणारा.
कमरेचं हाड तीन जागी फुटलेलं,
ओटीपोट नगाऱ्यासारखं ताणलेलं,
आत मूत्रनलिका तुटून दोन टोकं दोन दिशांना.
थेंब नाही. नुसतं रक्त.
मला पाहून त्याने चादर मुठीत धरली.
"पुरुष नाही का कुणी?"
नव्हता. पुरुष कबरी खणत होते.
"डोळे मिटा काका," मी म्हटलं, "मीही मिटते."
मी मिटले नाहीत.
डॉक्टरांनी बेंबीखाली छेद घेऊन
रबरी नळी थेट मूत्राशयात घातली,
आणि त्याच्या तोंडून जो सुस्कारा निघाला
तो सगळ्या वॉर्डाने ऐकला.

तीन महिने ती नळी पोटावर वागवायची,
मग तुटलेली टोकं शोधून जोडायची.
समजावता समजावता माझीच जीभ अडखळली.
त्याला हसू आलं.
"पोरी, हे तर आमचंच काम.
कारीज ढासळली की ढासळल्या जागी कुदळ घालत नाहीत.
माती ओली असते, रागात असते.
वरच्या अंगाला नवी विहीर पाडायची, पाण्याला वाट द्यायची.
माती बसली की दोघांनी दोन बाजूंनी
गुडघ्यांवर, दिवा घेऊन, ठोकत ठोकत यायचं.
एकाने ठोकायचं, दुसऱ्याने ऐकायचं.
चुकलं तर भुयारं शेजारून निघून जातात,
जन्मात भेटत नाहीत."
मग बराच वेळ गप्प.
"पलीकडून ठोकायला भाऊ असायचा."

इतर पुरुष विचारत, डॉक्टरांचा कोट ओढून, कानात,
पुढे संसार होईल ना म्हणून.
हा नाही.
गोलअंदाम त्याच भिंतीखाली होती.
विचारायचं कुणासाठी.

शस्त्रक्रियेनंतर एकविसाव्या दिवशी नळी काढली.
मी भांडं घेऊन उभी. मोजायचं होतं.
त्याने भांड्याकडे पाहिलंही नाही,
भिंत धरत धरत मागच्या दारातून गेला
डाळिंबाच्या झाडापर्यंत
आणि पाठ फिरवून उभा राहिला.
पाहू नये, आणि मोजायचं तर आहे.
आधी काहीच नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली.
मग ऐकू आलं,
बारीक, अडखळत,
मागच्या वर्षीच्या पाचोळ्यावर.

तक्त्यात मी आकडा लिहिला नाही.
लिहिलं: भेटली.